विसूभाऊचा पांढरा चौक

तुम्ही मंडळी जमलात की म्हणता, नाना, फोटोच्या धंद्यातला एखादा किस्सा सांगा. एखादा कुठला सांगू? आमच्याकडे फोटोची बिघडलेली काच धुऊन पुन्हा वापरता यायची, म्हणून काचा कधी साठल्या नाहीत. किस्से काही धुता येत नाहीत, ते साठतच गेले! त्यातून गाव कल्याण, आणि मालक विसूभाऊसारखा हेकट. मग काय विचारता!

विसूभाऊ माझा शाळेपासूनचा मित्र. मुंबईला एका फोटोवाल्याकडे तीन वर्षं राहून शिकला आणि कॅमेरा, लेन्स, औषधांच्या बाटल्यांची पेटी असा सगळा संसार घेऊन आगगाडीने परत आला. पारनाक्याजवळ त्याचं घर. घराच्या मधोमध चौक, चारी बाजूंनी खोल्या. त्या चौकातच त्याने स्टुडिओ मांडला. मी तेव्हा गणपती रंगवायचो, दुकानांच्या पाट्या लिहायचो. मला म्हणाला, "नाना, फोटोत रंग नसतो. तो भरायला तू ये."

गेलो. तो जो गेलो तो तिथलाच झालो.

* * *

आधी चौक पांढरा कसा झाला ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

त्या दिवसांत काचेवर औषध ओतायचं, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, लेन्सचं झाकण काढायचं आणि आकडे मोजायचे. तेवढा वेळ गिऱ्हाइकाने पापणीसुद्धा हलवायची नाही. उजेड जितका कमी, तितके आकडे जास्त. विसूभाऊच्या चौकात उजेड बेताचाच. जमीन शेणाने सारवलेली, भिंती मातकट, आणि वर वहिनींनी चढवलेला घोसाळ्याच्या वेलाचा मांडव. वहिनी म्हणजे विसूभाऊची बायको. दुपारची कामं उरकली की आळीतल्या चार-सहा बायका त्या मांडवाखाली यायच्या. कुणी वाती वळतंय, कुणी तांदूळ निवडतंय, आणि सगळ्या मिळून गाव निवडतायत!

विसूभाऊला मात्र वीस आकडे मोजावे लागत. विसात कोण स्थिर बसणार? एका सावकाराला फोटोत दोन नाकं आली. त्याने फोटो घेतला नाहीच, वर नाक मुरडलं. दोन्ही!

मग एके दिवशी विसूभाऊने ठरवलं, चौक पांढरा करायचा. मांडव उतरवला. भिंतींना चुन्याचे तीन हात दिले. बंदरावर गलबतातून पोरबंदरची पांढरी फरशी उतरली होती, ती आणून सगळ्या चौकात बसवली. काय उजेड झाला म्हणता! वीस आकडे होते ते आठावर आले. विसूभाऊ नाचायचाच बाकी होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका आल्या. डोळ्यांवर पदर ओढून जरा वेळ टेकल्या आणि उठून गेल्या. वहिनी म्हणाल्या, "अहो, इथे भाजून निघतोय जीव."

"काहीतरीच! फरशी थंड आहे! हात लावून बघ!"

वहिनींनी हात लावला. खरोखरच थंड होती हो! त्या आत गेल्या.

तेव्हापासून "फरशी थंड आहे" हे विसूभाऊचं ब्रह्मवाक्य झालं.

* * *

पहिलं मोठं गिऱ्हाईक आलं ते ठाण्याचे एक वकील. अंगात काळा कोट, गळ्यापर्यंत बटणं, डोक्याला लाल पगडी. उलटतपासणीत भल्याभल्यांना घाम फोडणारा माणूस म्हणून नाव होतं त्यांचं.

मान हलू नये म्हणून आमच्याकडे एक लोखंडी खांब होता, त्याला वर चिमटा. खुर्चीमागे तो उभा करायचा आणि चिमटा मानेला मागून लावायचा, गिऱ्हाइकाचं पागोटं त्याला झाकून टाकायचं. विसूभाऊचा नियम कडक: "एकदा चिमटा लावला की उठायचं नाही. राजा असो की रंक!" मग तो अंधारखोलीत काच तयार करायला जायचा. कधी दोन मिनिटं, कधी पाच. आणि स्वतः काम करायचा कुठे? पडवीच्या सावलीत, कॅमेऱ्यामागे, डोक्यावर काळं फडकं घेऊन!

वकीलसाहेब बसले. वरून ऊन, समोर आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्या भिंती, खालून पांढरी फरशी; पाठीमागे तेवढा काळा पडदा. पहिल्या मिनिटाला डोळे मिचकावले. दुसऱ्याला कानशिलावरून धार लागली. तिसऱ्याला म्हणाले, "अहो, किती वेळ?"

"हलू नका साहेब! आलोच!" अंधारखोलीतून आवाज.

फोटो झाला. चिमटा सोडला. वकीलसाहेब पडवीत येऊन तांब्याभर पाणी प्यायले, मिशा पुसल्या, आणि मला हळूच म्हणाले, "पुढच्या खटल्यात माझा आरोपी इथे पाठवतो. दहा मिनिटं बसवा. न केलेलं पण कबूल करेल!"

* * *

गावात बोलबाला झाला, की विसूभाऊकडे फोटो काढायचा तर आधी ताक पिऊन जा. विसूभाऊच्या कानावर गेलं. तो चिडला. आमचे एक स्टेशनमास्तर होते, त्यांच्याकडे थर्मामीटर होता. विसूभाऊने त्यांना थर्मामीटरसकट बोलावलं. म्हणाला, "आता शास्त्रानेच होऊ दे निवाडा!"

मास्तरांनी थर्मामीटर आधी शेजारच्या सारवलेल्या अंगणात उन्हात ठेवला. पारा चढला. मग आमच्या फरशीवर आणून ठेवला. पारा चक्क खाली आला! विसूभाऊने सगळ्या आळीला हाक मारली. "बघा! बघा! कोण म्हणतं चौक तापतो?"

आतून वहिनींचा आवाज आला, "त्याला म्हणावं, फरशीवर निजून काय सांगतोस? जरा खुर्चीवर बसून बघ!"

मास्तर हुशार माणूस. त्यांनी थर्मामीटर उचलला आणि चिमट्याच्या खांबाला, बरोब्बर गिऱ्हाइकाचं तोंड येतं त्या उंचीवर टांगला. आम्ही सगळे बघत बसलो. पारा वर, आणखी वर, आणखी वर.

विसूभाऊ जवळ गेला, नाक लावून पाहिलं, आणि गंभीरपणे म्हणाला, "मास्तर, तुमचा थर्मामीटर बिघडलाय."

"अहो, पण मघाशी फरशीवर?"

"तेव्हा बरा होता!"

* * *

पदू आगरी हा आमचा चुनेवाला. खाडीकडच्या दिवा गावचा. वर्षाचे काही महिने मिठागरावर राबायचा, उरलेले महिने खाडीतले शिंपले भाजून चुना करायचा आणि होडीतून कल्याणला आणायचा. दर दिवाळीच्या आधी त्याचा चुना आमच्या भिंतींना लागायचा. या थर्मामीटरच्या भानगडीच्या वेळी तो तिथेच टोपली टेकवून उभा होता.

मला म्हणाला, "भाव, फरशी गारच ऱ्हानार. सगला ऊन ती समोरच्याचे आंगावर टाकते, मंग तिला कसला ताप?"

मी विसूभाऊला सांगितलं. तो म्हणाला, "पदूला काय कळतंय फोटोग्राफीतलं!"

पण पदूला फोटो काढून घ्यायची फार हौस. एका वर्षी चुना पोचवल्यावर म्हणाला, "या टायमाला माजा पन काढ." विसूभाऊ खुशीत होता, हो म्हणाला. पदू खुर्चीपाशी गेला, खुर्ची उचलली, उलटी फिरवली, आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून ऐटीत बसला.

"अरे पदू, तोंड इकडे कर!"

"नाय. मिठागरान पांडऱ्याकडं कोन तोंड करतं? डोलं जातील."

"अरे वेड्या, फोटोत पाठ येईल!"

"येऊंदे. मिठागरान आमी समदे येकमेकाना पाठीवरशीच वलखतो!"

विसूभाऊने कपाळावर हात मारला आणि झाकण काढलं. त्या वर्षातला सगळ्यात स्थिर फोटो तो. पदू घेऊन गेला. पुढच्या खेपेला मी विचारलं, "काय रे, घरी आवडला का?" तर म्हणाला, "आयशीनं बगल्याबरूबर वलखला!"

* * *

आता माझं पाप सांगतो.

पदू सोडला तर बाकीची गिऱ्हाइकं समोरच तोंड करायची. त्या झळीत आठ आकडे डोळे उघडे कोण ठेवणार? निम्म्या फोटोंत डोळे मिटलेले, उरलेल्या निम्म्यांत मिचमिचे. विसूभाऊ फोटो माझ्यापुढे ठेवून म्हणायचा, "नाना, उघड!"

आणि मी उघडायचो. बारीक ब्रशने पापणी खरवडायची, बुबुळ काढायचं, त्यात एक पांढरा ठिपका. झाला डोळा! पण मी पडलो गणपती रंगवणारा. मला डोळ्यांचा नमुना एकच येत होता. हां हां म्हणता सगळ्या कल्याणला गणपतीचे डोळे आले! मामलेदार कचेरीतला कारकून बघा, भिवंडीचा व्यापारी बघा, खडवलीचे कीर्तनकार बघा. सगळे आपले मोठ्या, शांत, प्रसन्न डोळ्यांनी तुमच्याकडे बघतायत.

एकदा ठाण्याची एक मुलगी सांगून आली. घर नव्या चालीचं, म्हणून पत्रिकेबरोबर फोटो पाठवलेला. फोटो अर्थातच आमच्याकडचा. मुलगा कल्याणचा, त्याचाही फोटो आमच्याकडचाच. मुलाच्या आईने दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले, आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाली, "पत्रिका कशाला बघायची? डोळे बघा! अगदी आपल्या घरातले!"

लग्न थाटात झालं. मला मानाने बोलावलं होतं. खरं म्हणजे नवरा-नवरी दोघांचे डोळे बारीक. मी जिलबीकडे बघत जेवलो.

* * *

हे सगळं हसण्यावारी न्यायचं, पण एक गोष्ट मला खुपायची, ती तुम्हाला सांगतोच.

चौक पांढरा झाल्यावर वहिनींच्या मैत्रिणी यायच्या थांबल्या. वहिनी दुपारी मागच्या बाजूला, गोठ्यालगतच्या बोळकंडीत जाऊन बसायच्या, एकट्याच. तिथे दुसरं माणूस टेकायला जागाच नव्हती. चौकाकडची स्वयंपाकघराची खिडकी त्यांनी पोतं लावून बंद केली, कारण भिंतीची झळ सरळ चुलीपर्यंत यायची. घर त्यांचं, पण घराच्या मधोमध त्यांना उभं राहायला जागा नाही! मला वाईट वाटायचं. आणि वाईट वाटूनही मी त्याच चौकातल्या फोटोंवर जेवत होतो, हेही खरं.

गंमत अशी, की सगळ्या गावाचे फोटो काढणाऱ्या विसूभाऊकडे स्वतःच्या बायकोचा एकही फोटो नव्हता. त्याला तो फार हवा होता. दर पाडव्याला म्हणायचा, "अगं, आज बस ना एकदा. चांगलं लुगडं नेस."

वहिनींचं उत्तर ठरलेलं. "माझा चौक परत द्या. माझ्या मांडवाखाली बसेन."

"मांडवाखाली अंधार असतो!"

"मग राहू दे."

बारा पाडवे असे गेले. दोघंही हट्टी, आणि दोघांचंही एकमेकांवर प्रेम, हे बघणाऱ्याला दिसत होतं. मध्ये तो पांढरा चौक.

मग मुंबईहून सुक्या काचा यायला लागल्या. ओतणं नाही, ओलं नाही, आठ आकडे नाहीत. झाकण काढलं, "एक" म्हटलं, झाकण लावलं, की काम झालं! मी म्हटलं, "विसूभाऊ, आता एवढा उजेड लागतो कशाला? वहिनींचा चौक देऊन टाक की."

त्याने भिंतीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "आता भिंतींची सवय झालीय रे. आणि फरशी थंड आहे."

* * *

आता शेवटचा.

गावातल्या वाचनालयाने ठरवलं, की भिंतीवर गावातल्या कर्तबगार माणसांचे फोटो लावायचे. कार्यवाह घरी आले आणि म्हणाले, "विसूभाऊ, तुम्ही सगळ्यांचे काढलेत. पण तुमचा स्वतःचा पाहिजे."

विसूभाऊ फुलून गेला. पण काढणार कोण? मी पुढे झालो, तर म्हणाला, "तू रंगाचा माणूस. तुला कॅमेऱ्याला हात लावू देणार नाही."

स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाल्या, "मी काढते."

आम्ही दोघं बघतच राहिलो. त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "बारा वर्षं रोज ऐकतेय. मान वर, हनुवटी खाली, हलू नका, एक. त्यात काय आहे?"

विसूभाऊने नवा काळा कोट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली, पगडी घातली. ऐन दुपार, वैशाख. येऊन खुर्चीवर बसला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, बारा वर्षांत विसूभाऊ त्या खुर्चीवर एकदाही बसला नव्हता!

वहिनींनी चिमटा लावला. "आता उठायचं नाही हं," म्हणाल्या. "राजा असो की रंक."

मग पडवीत जाऊन त्यांनी काळं फडकं डोक्यावर घेतलं. आतून आवाज आला, "मान जरा डावीकडे. अहो, इतकी नको. उजवीकडे. हनुवटी खाली. हं."

विसूभाऊच्या कानशिलावरून पहिली धार आली.

"नीट दिसत नाहीये. थांबा हं. हलू नका."

"अगं, डावीकडची चावी फिरव!"

"बोलू नका, तोंड हलतंय!"

तेवढ्यात दारात शेजारच्या काकू आल्या, त्यांना विरजण हवं होतं. वहिनी फडक्यातून बाहेर आल्या, आत जाऊन विरजण आणलं, दारात उभ्या राहून काकूंच्या सुनेचं कसं काय ते विचारलं. सविस्तर विचारलं. मग, "अगबाई, वरण लागेल!" म्हणत पुन्हा आत गेल्या.

मी पडवीत होतो. विसूभाऊने डोळ्यांनीच मला विचारलं, कुठे गेली? मी खांदे उडवले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मिशीचं टोक खाली आलं होतं, कोटाचा काळा रंग गळपट्टीवर उतरला होता. तो चिमट्यातून मान काढू शकला असता. कुणी धरलं नव्हतं त्याला. पण नियम त्याचाच होता, आणि विसूभाऊ आपल्या शब्दाचा पक्का. तो बसून राहिला. समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. किती वेळ कोण जाणे, पण माझी सुपारी संपली.

वहिनी हात पुसत आल्या. काच घातली, झाकणाला हात लावला. विसूभाऊकडे नीट पाहिलं. आणि म्हणाल्या, "फरशी थंड आहे ना हो?"

विसूभाऊने डोळे मिटून घेतले.

वहिनींनी झाकण काढलं, "एक" म्हणाल्या, आणि झाकण लावलं.

फोटो असा स्वच्छ आला, की बटणाची भोकंसुद्धा मोजावीत. फक्त डोळे तेवढे मिटलेले. विसूभाऊने तो माझ्यापुढे ठेवला. मी ब्रश रंगात बुडवला. मागून वहिनी म्हणाल्या, "भावोजी, ब्रश ठेवा खाली."

मी विसूभाऊकडे पाहिलं. तो म्हणाला, "ठेव."

पंधरा दिवसांनी कार्यवाह फोटो न्यायला आले. चौकात पाऊल टाकलं आणि थबकले, कारण फरशी काढलेल्या जमिनीवरचं सारवण अजून ओलं होतं. नव्या बांबूंवर पदू आगरी सुतळ्या बांधत होता. पाच-सहा बायका भिंतीच्या कडेला बसून वाती वळत होत्या. मधोमध जुन्या चिमट्याचा लोखंडी खांब जमिनीत पक्का रोवलेला, आणि त्याच्या बुडाशी घोसाळ्याचं चार पानांचं रोप. विसूभाऊ पडवीत कॅमेरा पुसत होता. वहिनींनी चांगलं लुगडं नेसलं होतं.

कार्यवाहांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. म्हणाले, "विसूभाऊ, फोटो उत्तम आहे. पण अहो, तुम्ही डोळे मिटून का बसलात?"

विसूभाऊने तोंड उघडलं, तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून वहिनी म्हणाल्या,

"झोप लागली असेल हो त्यांना. फरशी थंड होती ना!"